झोपायच्या जागांची यादी

वार गुरुवार, मार्गशीर्षातला दुसरा. वेळ दुपारी सव्वा ते पावणेदोन. जागा आमच्या खानावळीची पुढची खोली. हजर: आई, भाकरीच्या तव्यापाशी. मी, वाढायला. पंगतीला अकराजण: पोस्टातले माने आणि सावंत, बँकेतले कुलकर्णी, शिकवणीवाले जोशी सर, गारगोटीहून वकिली करायला आलेले देसाई, कापड दुकानातले शौकतभाई आणि त्यांचा भाचा, औषधाच्या दुकानातला अजित, दोन कंडक्टर, आणि गडहिंग्लजहून कोर्टाच्या कामाला आलेले एक पावणं, ज्यांच्यासाठी मी नुसतंच ‘पावणं, एक ताट’ असं लिहिलं. बाहेर, पायऱ्यांपासून वीसेक पावलांवर, मंडईच्या नळापाशी: काशिनाथ पैलवान, राणी आणि तिच्याबरोबरची चार पोरं.

आतल्या माणसांची ही यादी मी आठवून लिहिलेली नाही. ती खानावळीच्या हजेरीवहीत आहे, आणि ती वही आत्ता माझ्यासमोर उघडी आहे. आठवीत असल्यापासून वही माझ्याकडे होती. कोण जेवलं, कोणाचा खाडा, कोण गावाला गेलं, कोणाचा पाहुणा आला, हे मी पंगत बसल्याबसल्या टिपायची. आईला लिहिता येत होतं, पण तिचे हात पिठात असायचे. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वहीची गरजच वाटायची नाही. ते उद्यमनगरातल्या फौंड्रीत होते, एका कानानं कमी ऐकायचे, आणि खानावळ हा आईचा कारभार म्हणून तिथं फक्त जेवायला येऊन बसायचे. मला मात्र वहीचा फार अभिमान होता. रकाने मी पट्टीनं आखायची. अक्षर वळणदार. कोणी म्हणालं की मंगळवारी मी आलो नव्हतो, तर मी वही उघडून दाखवायची, आणि तो माणूस गप्प बसायचा. लिहिलेल्या गोष्टीपुढे माणूस गप्प बसतो अशी माझी तेव्हा पक्की समजूत झाली होती. त्या हिवाळ्यात मी बारावीला होते.

आमचं घर आणि खानावळ एकाच इमारतीत, मंडईच्या मागच्या अंगाला. सकाळी पाचला भाजीच्या गाड्या यायला लागायच्या, पोती जमिनीवर आदळल्याचे आवाज, हमालांच्या शिव्या, मग सहाला समोरच्या बेकरीची लोखंडी दारं उघडायची आणि गरम पावाचा वास आमच्या माडीपर्यंत चढायचा. आई त्याआधीच उठून मसाला वाटायला बसलेली असायची. कांदा-लसूण चटणीचा मोठा बरणीभर साठा उन्हाळ्यातच होऊन जायचा, पण वाटण रोज ताजं. बुधवार आणि रविवारी मटण. त्या दिवशी पंगत दुप्पट. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आईचा उपास, म्हणून घरात मसूर, वांगं आणि ताक. ती स्वतः काही न खाता दीडेकशे भाकऱ्या थापायची. भाकरी थापण्याच्या आवाजावरून तिचा राग मला कळायचा. त्या गुरुवारी दुपारी एकपर्यंत तो आवाज नेहमीसारखा होता.

मंडईत राहणारी पोरं आम्हाला नवीन नव्हती. दुपारच्या पंगती उठल्या की उरलेली आमटी आणि भाकरी आई एका मोठ्या पातेल्यात काढून मागच्या दाराशी ठेवायची, आणि पोरं ओळीनं बसून खायची. ओळ राणी लावायची. ती दहा-अकरा वर्षांची असेल. तिलाही ठाऊक नव्हतं. केस कायम ओले, कारण मंडईचा नळ हे तिचं न्हाणीघर. बाकी पोपट, मुन्नी, बारक्या आणि ठिपक्या. ठिपक्याच्या गालावर पांढरे डाग होते म्हणून ते नाव. तो ओळीत बसायचा नाही. भाकरी घेऊन लांब जाऊन, भिंतीला पाठ लावून खायचा.

“आत ये की रं, तुला कोण खातंय काय?” आई म्हणायची.

“मी हितंच बरा हाय, मावशी.”

“लई शाना हाय त्यो,” राणी म्हणायची. “पाठीला डोळं न्हाईत म्हणतोय.”

काशिनाथ पैलवानाला मंडईच्या दुकानदारांनी राखणीला ठेवलं होतं. तो आमच्याच गल्लीतल्या तालमीतला. एके काळी त्याच्या कुस्त्या बघायला माणसं गावोगाव जायची असं आण्णा सांगायचे. मग गुडघा गेला, अंग सुटलं, आणि दुकानदारांनी त्याला खुर्ची, शिट्टी आणि पगार दिला. त्याचं काम म्हणजे पोरांना दुकानांपासून लांब ठेवणं. आण्णा आणि तो एकाच मातीत लोळलेले. सणाला तो आमच्याकडे जेवायला असायचा, मला ‘वैशाक्का’ म्हणायचा, आणि तालमीच्या गणपतीत मी लहान असताना त्याच्याच खांद्यावर बसून मिरवणूक बघितलेली आहे. हे सांगणं भाग आहे, कारण त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे एका माणसाविरुद्ध बोलणं नव्हतं. ती आख्खी गल्ली होती.

त्या दुपारी मंडईच्या नळाची पितळी तोटी नाहीशी झालेली होती. भंगारात तोटीला किंमत येते, त्यामुळे ती दर पावसाळ्या-हिवाळ्यात जायचीच. काशिनाथनं कुणालाही काही विचारलं नाही. शटर ओढायची लोखंडी सळी असते, पुढे आकडा असलेली, ती हातात घेऊन तो नळापाशी आला. तोटीवाचून वाहणाऱ्या धारेखाली राणी केस धूत होती. पोरं पळाली, ती केसांतल्या साबणामुळे डोळे मिटून उभी होती म्हणून मागे राहिली. पहिला फटका पाठीवर बसला. दुसऱ्याला तिनं हात आडवा घातला. मी जोशी सरांना आमटी वाढत होते. हाड मोडल्याचा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं.

“आरं मारालाय बघा तिला,” सावंत म्हणाले. ताटावरून उठून सगळे पायऱ्यांपर्यंत आले. अकराही जण. खरकटे हात तसेच पुढे धरून, पायऱ्यांवर दाटीनं उभे राहिले. काशिनाथनं आणखी तीनदा सळी उचलली. मी मोजलं. पायरी कोणी उतरलं नाही. मी पण नाही. माझ्या हातात आमटीचं भांडं होतं आणि ते खाली ठेवायचं मला सुचलं नाही. खाली उतरली ती आई, उपाशी पोटी, हाताला पीठ. काशिनाथच्या आणि पोरीच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, “पैलवान, सळी ठेवा खाली.”

“वैनी, तुमी मधी पडू नका. तोटी चोरल्या हिनं.”

“ठेवा म्हटलं न्हवं.”

त्यानं ठेवली. मग ती राणीला उचलून आत घेऊन आली. पंगत परत बसली. हे मी पुन्हा लिहिते. पंगत परत बसली, कुलकर्णींनी ताक मागितलं, आणि मी ते वाढलं.

सरकारी दवाखान्यात आई आणि मी गेलो. डाव्या कोपराच्या वर हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं, तीन आठवड्यांनी परत आणा म्हणाले, आणि मारहाणीची नोंद असलेला कागद दिला. देसाई वकील संध्याकाळी जेवायला आले तेव्हा मी तो कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. तेव्हा ते सव्वीस-सत्तावीस वर्षांचे, दुसऱ्या वकिलाच्या हाताखाली. कागद वाचून म्हणाले, “हाड मोडलंय. म्हणजे पोलिसांना गुन्हा घ्यावाच लागतोय, टाळता येणार न्हाई. मी तक्रार लिहून देतो.” आणि खरोखर लिहून दिली, सुंदर, दोन पानी. मी विचारलं, “तुम्ही साक्ष देणार का?” ते म्हणाले, “वकील म्हणून उभा राहू का साक्षीदार म्हणून? दोन्ही न्हाई जमत, वैशाली.” पुढे ते वकील म्हणूनही उभे राहिले नाहीत. वरिष्ठांनी नको म्हटलं.

चौकीत मी आणि आई तीन वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा साहेब होते, पण कारकून नव्हता. तिसऱ्यांदा हवालदारांनी तक्रार वाचली, चहा मागवला, आणि अगदी सज्जनपणे बोलायला लागले. तो सज्जनपणाच मला अजून खटकतो. शिव्या दिल्या असत्या तर मी सावध झाले असते.

“पोरीच्या बापाचं नाव?”

“माहीत नाही.”

“वय?”

“दहा-अकरा.”

“असं दहा-अकरा चालत न्हाई. पत्ता?”

“मंडईत राहते.”

“मंडई हा काय पत्ता झाला व्हय? समन्स कुठं चिकटवू, कोबीला? बरं, बघितलं कुणी?”

“सगळ्यांनी. भर दुपारी. खानावळीत अकराजण होते.”

“नावं द्या की मग. मला काय, मी लिहून घेतो.”

मी घरी आले, वही काढली आणि आईपुढे ठेवली. नावं होती, तारीख होती, वेळ होती. मला वाटलं काम झालं. आईनं वही मिटली आणि त्यावर हात ठेवला.

“न्हाई.”

“आई, ह्यात सगळं आहे.”

“म्हणूनच न्हाई. माझ्या ताटावर बसलेल्या माणसाला मी कोर्टात उभं करणार न्हाई. जेवायला येत्यात ती माणसं. त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं तर सांगू देत. वही जाणार न्हाई.”

ही तिची रीत होती आणि ती मोडणारी नव्हती. खानावळीत कोण काय बोललं, कोण कोणाबरोबर आलं, हे तिनं कधी बाहेर जाऊ दिलं नाही. माणसं तिच्याकडे वीस-वीस वर्षं जेवली ती त्यामुळेच. मग मी एकेकाला विचारलं, वाढता वाढता, हळू आवाजात. माने म्हणाले, “माझी बदली व्हायची हाय.” जोशी सर म्हणाले, त्या वेळी त्यांचा चष्मा टेबलावर होता. शौकतभाईंनी हातातला घास खाली ठेवला. “बेटी, मी बोललो की माझं दुकान त्याच मंडईत हाय. आणि मी बोललो की गोष्ट पोरीची राहणार न्हाई, दुसरीच हुईल.” त्यांचं मला तेव्हाही पटलं होतं. कंडक्टर तर दुसऱ्या दिवसापासून दुसरीकडे जेवायला लागले. आण्णांना मी विचारलं नाही, ते तिथं नव्हतेच. पण बुधवारी काशिनाथ नेहमीसारखा मटणाला आला, आण्णांनी त्याला शेजारी बसवलं, आणि आईनं त्याला वाढलं. मी आत जाऊन बसले. आण्णा आत आले.

“बाहेर ये. घरी आलेल्या माणसाचा अपमान करतीस?”

“त्यानं लहान पोरीचा हात मोडला, आण्णा.”

“चुकला त्यो. मी सांगितलंय त्याला. पण आपल्या तालमीतला माणूस हाय. जेलात घालायचा का आता त्याला? त्या पोरांचं काय, आज हितं, उद्या मिरजंला.”

आता मी मुख्य चुकीकडे येते. ही चूक माझी आहे. आईची नाही, आण्णांची नाही, हवालदारांचीही पहिल्यांदा नाही. मोठी माणसं हलेनात, म्हणून मी सोपी बाजू धरली. पोरांनी पण पाहिलं होतं, आणि पोरं नाही म्हणणार नव्हती. हवालदारांचा आक्षेप पत्त्याचा होता. ठीक आहे, मी त्यांना पत्ते करून देते. मी फुलस्केप कागद घेतला, पट्टीनं रकाने आखले: नाव, अंदाजे वय, ओळखीची खूण, काय पाहिलं, आणि शेवटचा रकाना, झोपायची जागा. मागच्या दाराशी पोरं जेवत होती तेव्हा पायरीवर बसून मी एकेकाला विचारलं. ती आनंदानं सांगत होती. आपली नावं अशी कोणी लिहून घेतल्याचं त्यांना अप्रूप होतं. बारक्यानं तर आपलं नाव कुठं आहे त्यावर बोट ठेवून बघितलं. पोपट: पिठाच्या गिरणीची मागची पायरी. मुन्नी आणि बारक्या: बेकरीच्या भट्टीची भिंत, मागच्या बोळात, कारण थंडीत ती रात्रभर ऊबदार राहते. राणी: बंद पडलेल्या उसाच्या रसाच्या गाड्याखाली, पोत्याच्या पडद्याआड. हात प्लास्टरमध्ये असल्यानं तिला आता दुसरीकडे चढता येत नव्हतं.

ठिपक्या लांब उभा होता.

“तुझी जागा?”

“कशाला पायजे?”

“पोलिसांना द्यायला. साक्षीला बोलवायचं तर सापडला पाहिजेस की.”

तो हसला. “सापडलो पायजे म्हणून तर सांगत न्हाई.”

“राणीला न्याय नको का मिळायला?”

“मी बोलतो की. कुठं बोलायचं तिथं येतो, दिवसा. पर झोपायची जागा न्हाई सांगणार, ताई.”

मला त्याचा राग आला. एवढं मी करते आहे आणि हा एक रकाना रिकामा ठेवतो. त्याच्या नावापुढे मी लिहिलं, ‘जागा बदलतो.’ मग खाली कार्बन घालून यादी पुन्हा सुवाच्य लिहिली, प्रत माझ्याकडे ठेवली, मूळ कागद हवालदारांना नेऊन दिला. ते म्हणाले, “वा. अक्षर मोत्यासारखं हाय की.” मी खूश होऊन घरी आले. आजही कंपनीत, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी स्टोअरची जबाबदारी सांभाळते, आणि माझ्या याद्यांचं कौतुक होतं. प्रत्येक वेळी मला तो चहाचा ग्लास आणि ते वाक्य आठवतं.

चौथ्या दिवशी पहाटे, उजाडता उजाडता, मी बेकरीतून पाव आणायला खाली उतरले तेव्हा मंडईच्या तोंडाशी एक पांढरी गाडी उभी होती. दोन शिपाई, दुकानदारांच्या मंडळाचा एक माणूस, आणि काशिनाथ. बेकरीच्या मागच्या बोळातून मुन्नीला आणि बारक्याला आणत होते. बारक्या झोपेतच चालत होता. मग ती माणसं सरळ गिरणीकडे गेली. इकडेतिकडे बघणं नाही, शोधणं नाही. दोन मिनिटांत पोपट आला. मग रसाचा गाडा. काशिनाथनं पोत्याचा पडदा उचलला आणि राणीला प्लास्टर नसलेल्या हाताला धरून बाहेर काढलं. मंडळाच्या माणसाच्या हातात कागद होता. झेरॉक्स होती, पण रकाने माझे होते. प्रत्येक पोर गाडीत चढलं की तो त्या नावापुढे पेनानं खूण करत होता.

मी पुढे झाले. “ह्यांना कुठे नेताय? ह्यांची केस आहे. हिचा हात अजून—”

“वैशाक्का, घरी जा,” काशिनाथ म्हणाला. आवाजात राग नव्हता. “चांगल्या ठिकाणी चालल्यात. जेवण, शाळा, सगळं मिळतंय.”

“ठिपक्या कोण?” मंडळाचा माणूस कागदात बघत म्हणाला. “त्याचं लिहिलेलं न्हाई नीट.”

राणी गाडीच्या जाळीतून माझ्याकडे बघत होती. तिनं हाक मारली, “ताई, आमास्नी सोडवाय आलाय व्हय?” तिला कागद दिसत नव्हता. गाडी गेली.

मी चौकीत गेले. हवालदार म्हणाले, “तुमच्याच यादीनं पोरांचं कल्याण झालं की. निराधार बालकं, बालगृहात पाठवली. कायद्यानंच झालंय सगळं.” केस? “साक्षीदार आले की बघू.” साक्षीदार कुठं आहेत? “मुली एका जिल्ह्यात, मुलं दुसऱ्या. मला काय तेवढं पाठ न्हाई.” दोन दिवसांनी पेपरात फोटो आला: मंडईच्या मंडळाचे अध्यक्ष, मागे काशिनाथ, खाली मथळा, निराधार बालकांची सुटका. आण्णांनी तो मला वाचून दाखवला, आणि मला वाटतं, मनापासून दाखवला. त्यांना खरंच वाटलं होतं की प्रश्न सुटला. आईनं पेपर घेतला, घडी घातली आणि भाकरीच्या टोपलीत तळाला अंथरला. ती त्यानंतर मागच्या दाराशी पातेलं ठेवत राहिली, आठवडाभर. कोणी आलं नाही. ठिपक्याही नाही.

पुढचं सांगायला फार वेळ लागू नये, पण ते व्हायला वीस वर्षं लागली. मी अर्ज केले. बालगृहांना पत्रं पाठवली. उत्तर यायचं की माहिती फक्त पालकांना देता येते. पालक असते तर पत्र कशाला लिहिलं असतं? चौकीची जुनी कागदपत्रं पावसात भिजली असं एका साहेबांनी सांगितलं, ती मुळात नव्हतीच असं दुसऱ्यांनी. माहितीच्या अधिकारात मागितलं तर ‘अभिलेख आढळून येत नाही’ असा चार शब्दांचा कागद आला. देसाई आता मोठे वकील आहेत, त्यांना भेटले. त्यांनी चांगलं बसवलं, म्हणाले, “वैशाली, आता कायद्यानं काही उरलं न्हाई गं.” काशिनाथ म्हातारा होऊन तालमीच्या कट्ट्यावर बसतो, मागच्या वर्षी त्याला फेटा बांधून सत्कार केला. मी त्या गल्लीत जाते तेव्हा तो अजूनही ‘वैशाक्का’ म्हणतो, आणि मी मान हलवते. मान हलवल्याबद्दल मला घरी येईपर्यंत स्वतःचा संताप येत राहतो.

आणि मग राणी सापडली. एका बालगृहातून निवृत्त झालेल्या बाईंनी, आडवळणानं, पत्ता दिला. ती हुपरीत आहे. लग्न झालं, दोन मुली आहेत, घरातच पुढच्या खोलीत ती पैंजणांना घुंगरं जोडायचं काम करते. गेल्या उन्हाळ्यात मी गेले. मी नाव सांगितलं तशी ती हसली. “खानावळीच्या ताई? आगं बया, म्हातारी झालीस की.” तिचा डावा कोपर सरळ होत नाही. परत तपासायला न्यायची तारीख त्या गाडीत गेली. बालगृहात प्लास्टर कोणीतरी कधीतरी काढलं. पैंजण ती गुडघ्यात दाबून धरते आणि उजव्या हातानं काम करते, आणि काम इतकं झपाट्याचं की बघत राहावं. तिनं चहा केला. आईची चौकशी केली. आई गेली म्हटल्यावर म्हणाली, “तिच्या हातची मसुराची आमटी. परत तशी न्हाई खाल्ली.”

मी सांगायला गेले होते. वाक्य तयार होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, “ताई, एक गोष्ट मला अजून कळली न्हाई. त्यांना आमच्या जागा कशा कळल्या गं? अंधारात सरळ आली. मी तर पडद्याआड होते.”

मी काही बोलायच्या आत तिनं स्वतःच उत्तर दिलं. “ठिपक्यानंच सांगितलं. त्यो एकटाच सापडला न्हाई त्या दिवशी. वेगळं करायच्या आधी आमी सगळ्यांनी गाडीत बसून हेच काढलं. पोपट तर सारखा म्हणत हुता, भेटला की त्याचं डोस्कं फोडतो.”

“तो भेटला का कधी?”

“आलता की. दोन वर्सं झाली. कुठनं पत्ता काढला कुणास ठाऊक. सांगलीला गॅरेजात हाय म्हणाला. पोरींना खाऊ घेऊन आलता. मी दारातनंच हाकलला. पिशवी सुद्धा हातात घेतली न्हाई.” तिनं एक घुंगरू बोटात फिरवलं. “रडालता. मी म्हटलं, रड आता.”

मी चहा संपवला. तिच्या धाकटीच्या हातात पैसे ठेवले, ते राणीनं परत माझ्या पर्समध्ये घातले. बस स्टॉपपर्यंत ती सोडायला आली आणि म्हणाली, परत ये, आता घर बघितलंयस. मी हो म्हटलं. बसमध्ये बसल्यावर माझ्याजवळ ते वाक्य तसंच होतं, न बोललेलं.

त्याला आता वर्ष होत आलं. यादीची कार्बन प्रत मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे, तिला दाखवायला, कारण नुसतं सांगितलं तर ती विश्वास ठेवणार नाही, किंवा मी त्यातही काहीतरी सारवासारव करीन. दोनदा रजा टाकली. एकदा स्टोअरची तपासणी निघाली. एकदा काही निघालं नाही. मी साडी नेसून, पिशवी घेऊन, दारापर्यंत गेले आणि परत येऊन स्वयंपाकाला लागले. सांगलीतल्या तीन गॅरेजांत फोन केले, ठिपक्याचं खरं नाव काय हे मला माहीत नाही, तिथं त्या नावानं कोणाला ओळखत नाहीत. राणीला ते ठाऊक असेल. त्याच्यासाठीही आधी तिच्याकडेच जायला हवं. हुपरीची बस सतत असते, तासाभराचाही रस्ता नाही. मी अजून गेलेले नाही.